अकराच्या आत पोचायचं होतं

ही पोस्ट मी दीड महिना टाळत होतो. एरवी प्रवासाहून आलो की दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत फोटो चढवून, मजकूर लिहून मोकळा होतो. या वेळी प्रवास म्हणावा तर केवढासा, चिंचवड ते कर्जतच्या पुढचं कडाव, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरही नाहीत, एक मुक्काम. नियमित वाचणाऱ्या दोघातिघांनी विचारलं, 'कर्जतचं काय झालं? गाडीचे फोटो कुठे?' फोटो एकच काढला होता, तो मी पुसून टाकला. जे झालं ते मात्र लिहितो.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. लग्नाआधी पाच वर्षं ती कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर यमुना नावाची कडावकडची मुलगी बसायची. दोघी एकाच वयाच्या, दहिवलीला एका खोलीत भाड्याने राहायच्या, रात्रपाळी असली की एकमेकींना सोबत करायच्या. आई लग्न होऊन पुण्याकडे आली, यमुनामावशीने गावातच लग्न केलं आणि नोकरी टिकेल तितकी टिकवली. पुढे आमच्या घरी फोन आला तेव्हापासून दर रविवारी सकाळी या दोघी फोनवर असत. बाबा म्हणायचे, 'नोकरी सुटली, पण ड्यूटी सुटली नाही.'

गेल्या दिवाळीनंतर मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मावशीची सून संगीता रविवारी फोन तिच्या कानाला लावून धरायची आणि आई इकडून बोलायची. पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा. दोन महिन्यांनी आईने तेही थांबवलं. म्हणाली, "मी एकटीच किती बोलू?"

मग एप्रिलच्या शेवटी संगीताचाच फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"मावशी, यायचं असंल तर आता या. डाक्टर काय खरं बोलत नाय. सकाळचं त्यांना कळतं, मानूस वळखतात. अकराच्या सुमाराला औषधाची गुंगी चढते, मग दिवसभर काय नाय. तुमी सकाळीच या."

आई इतकंच म्हणाली, "शनिवारी येते. सांग तिला."

माझी बायको मेधा हिची गाडी चार वर्षांची आहे. आदल्या संध्याकाळी तिने किल्ली टेबलावर आणून ठेवली. "आईंना घेऊन जायचंय, माझी ने." मी हसलो. तुम्ही हा ब्लॉग वाचता, तर माझी गाडी तुम्हाला माहीत आहे. सत्तावीस वर्षांची, कार्ब्युरेटरवाली, थर्डहँड घेतलेली, मी स्वतः खोलून-जोडून चालती ठेवलेली. जुन्या घाटातून जुन्या गाडीने, सोबत आई आणि पलीकडे तिची जुनी मैत्रीण. माझ्या डोक्यात पोस्ट आधीच लिहून तयार होती. पळसदरीच्या धरणापाशी गाडीला टेकून उभी असलेली आई, असा फोटोही ठरला होता.

आणखी एक सांगतो, कारण ते लपवलं तर या लिहिण्याला अर्थ नाही. दोन आठवड्यांपूर्वी चिंचवडच्या सिग्नलला भर दुपारी गाडी अचानक बंद पडली होती. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. वीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली. मी म्हटलं, ऊन आहे. आणि विसरून गेलो.

शनिवारी सव्वासहाला निघालो. आईने मोतिया रंगाची सुती साडी नेसली होती, मांडीवर पिशवी. पिशवीत मऊ केळी, एक नवा गाऊन आणि खोबरेल तेलाची बाटली. वडगावपर्यंत रस्ता मोकळा मिळाला. कामशेतच्या पुढे शनिवारची गर्दी सुरू झाली आणि लोणावळ्यात आम्ही चक्क गोगलगाईसारखे सरकत होतो. खंडाळ्याला मी दरीच्या कडेला गाडी घेतली आणि फोटो काढला. आई गाडीतून उतरली नाही. खिडकीतून म्हणाली, "येताना काढ की."

"येताना उजेड असा नसतो," मी म्हणालो.

त्या फोटोत पंधरा मिनिटं गेली. जुन्या घाटाने उतरलो. खाली खोपोलीचे पत्रे चमकताना दिसायला लागले तसं गाडीत गरम वारा शिरला. मे महिन्यात घाट उतरलं की हे होतंच, पुण्याची हवा वरच राहते. शेवटची वळणं संपली, रस्ता सपाट झाला आणि खोपोलीच्या तोंडाशी, सव्वाआठच्या सुमाराला, इंजिन गेलं. धक्का नाही, फटफट नाही. दिवा जावा तसं. उरलेल्या वेगावर मी गाडी कडेला घेतली.

सेल्फ मारला. फिरतोय, जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी उत्तम. पण इंजिन पकडत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. सेल्फ फिरतोय आणि गाडी पकडत नाही, तेव्हा दोनच गोष्टी पाहायच्या असतात, पेट्रोल येतंय का आणि ठिणगी पडतेय का. दोन्ही पाहायला मिळून दहा मिनिटं लागतात. मला हे पाठ आहे. चार लोकांना मी ते शिकवलंही आहे. पण त्या दिवशी बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला आणि मी ठरवून टाकलं की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जास्त झालंय. फिल्टर काढून फुंकला, पुन्हा बसवला, पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारत राहिलो, मग थांबलो, पुन्हा मारला. पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू झाली.

"बघ!" मी आईला म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता.

खोपोलीच्या बाजारातून जाताना डाव्या-उजव्या हाताला निदान चार-पाच गॅरेज होती. शटर नुकती वर जात होती. मी एकाहीपुढे थांबलो नाही. रोग सापडला होता, उपचार झाला होता, थांबायचं कशाला?

खोपोली-कर्जत रस्ता रुळाच्या सोबतीने जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कापून ठेवलेली, भेगाळलेली भातखाचरं, मधेच एखाद्या फार्महाउसची उंच भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी बोगनवेल. आई बाहेर बघत होती. "इथे काहीच नव्हतं रे," एवढंच म्हणाली. केळवलीच्या पुढे गेलो आणि सव्वानऊला गाडी पुन्हा गेली. तशीच, दिवा गेल्यासारखी.

आता मी म्हटलं, एअर लॉक. उन्हाने पाइपातलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते आणि पंपाला ते ओढता येत नाही. जुन्या गाड्यांना होतं असं. मी पाण्याची बाटली ओतून फडकं भिजवलं, पंपावर गुंडाळलं, पाइपावर धरलं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. सुरू झाली. म्हणजे पुन्हा माझंच बरोबर.

इथेच मी फसलो, आणि तुम्हीही फसाल, म्हणून लिहितो. दोन्ही वेळा मी जे केलं त्याचा काही उपयोग नव्हता. गाडी सुरू होत होती ती नुसती वेळ गेल्यामुळे. मी काहीही केलं असतं, बॉनेटवर बसून गाणं म्हटलं असतं, तरी ती पंचवीस मिनिटांनीच सुरू झाली असती. पण मी हात काळे केले होते, त्यामुळे श्रेय मला हवं होतं.

तिसऱ्यांदा बंद पडली ती पळसदरीच्या अलीकडे, जेमतेम तीन किलोमीटर चालून. पावणेदहा झाले होते. रस्त्याच्या कडेला एक आंब्याचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं मांडून बसली होती. आई उतरून तिच्याशेजारी जाऊन बसली. म्हातारीने आपल्या बुडाखालचं अर्धं पोतं तिच्याकडे सरकवलं.

"तापली गाडी?" तिने मला विचारलं.

"नाही, सापडलंय काय ते. दहा मिनिटं."

आई म्हणाली, "सुहास, इथून रिक्षा मिळेल का बघ ना. कर्जतहून पुढे दुसरी करू. तू ये मागून."

"आई, दहा मिनिटं. खरंच."

फोनला रेंज एक काडी. ॲपवर पाहिलं तर गाड्या नाहीतच. तेवढ्यात कर्जतकडे जाणारा एक टेंपो आमच्यापुढे जाऊन थांबला आणि मागे आला. आत भाजीचे रिकामे क्रेट. चाळिशीचा चालक, कपाळाला रुमाल बांधलेला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"कुटं जायचं आजीना?"

"कडावला," आई पटकन म्हणाली आणि उठलीच.

"मी कडाववरनंच जातो. बसा म्होरं. तुमी गाडी बगा, दादा. मी सोडतो आजीना दारापरेंत."

मी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. इथून कडाव फार तर पाऊण तास. मी हिशेब केला, तो मला स्पष्ट आठवतो. आणि तरी मी म्हणालो, "नको नको. टेंपोत कुठे चढणार ती, गुडघे दुखतात तिचे. गाडी होतेच आहे सुरू."

"अरे, चढेन मी," आई म्हणाली.

"आई, अनोळखी माणूस आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो. पण ते त्याला ऐकू गेलं. त्याचा चेहरा बदलला नाही. "बराय," म्हणाला आणि गेला.

गुडघे, अनोळखी माणूस, दोन्ही बहाणे होते. मला माझ्या गाडीतून आईला त्या दाराशी उतरवायचं होतं. बाकी काही नाही.

या वेळी पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू झाली नाही. फडकं पुन्हा भिजवलं. फिल्टर पुन्हा फुंकला. बॅटरीची टोकं घासली. ऊन वर आलं तसं बॉनेटला हात लाववेना. एकदा पकडतेयसं वाटलं, एक उसळी आली आणि संपलं. मागे सावलीत म्हातारी माशा हाकलत होती. आईने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. दर थोड्या वेळाने ती मनगटावरचं घड्याळ बघायची आणि मला दिसू नये म्हणून पदर त्यावर ओढायची. मला दिसत होतं.

पावणेअकराला म्हातारीच शेवटी म्हणाली, "दहिवलीला गनपत हाय. आमच्या वाडीची जीप तोच करतो. त्याला बोलाव. तुज्याच्यानं नाय व्हायचं, बाबा."

तिला नंबर ठाऊक नव्हता. पळसदरी स्टेशनाजवळच्या चहावाल्याला माहीत होता. मी उन्हातून चालत गेलो, फोन लावला, परत आलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. आईने तोवर माझ्याकडचा दुसरा फोन घेऊन संगीताला लावला होता. मी जवळ पोचलो तेव्हा ती फोन बंद करत होती.

"काय म्हणाली?"

"झोपली ती."

"मग आता..."

"आता कसली घाई? होऊ दे तुझं सावकाश."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गणपत बाराला मोटरसायकलवर आला. साठीचा माणूस, खाकी अर्धी चड्डी, शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर. त्याने माझं काही ऐकून घेतलं नाही. एका प्लगची वायर काढली, तिच्यात आपल्याकडचा सुटा प्लग खोवला, तो इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मला म्हणाला, "मारा सेल्फ."

मारला.

"ठिनगी नाय." मग त्याने कॉईलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. कॉईल म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारं, मुठीएवढं नळकांडं. "हात लावा. भाजतंय. ही गेली. गरम झाली की मरते, गार झाली की जित्ती व्हते. परत्येक बारीला मरायची घाई वाडत जाते. तुमी पंपाला कशाला कापड बांदलं?"

"मला वाटलं एअर लॉक."

"ठिनगी बगितली नाय?"

त्याने आईकडे पाहिलं. "सकाळपास्नं हितंच हायत का आजी?"

दोन मिनिटं लागली त्याला. सकाळी सव्वाआठला, खोपोलीत, मीही ती दोन मिनिटं देऊ शकलो असतो.

सत्तावीस वर्षं जुन्या गाडीची कॉईल कर्जतच्या दोन दुकानांत नव्हती. गणपत नेरळला जाऊन घेऊन आला, साडेतीन वाजले. मधल्या वेळात चहावाल्याकडून वडापाव आणले. आईने अर्धा खाल्ला. करवंदवालीने उरलेले द्रोण टोपलीत भरले आणि उठताना आईच्या ओंजळीत जांभळं घातली. आईने पैसे पुढे केले तर तिने तो हात मागे सारला. "कुनाला बगायला चाल्लीस?" तिने विचारलं.

"मैत्रिणीला."

"हां," म्हातारी म्हणाली, आणि डोंगराच्या वाटेला लागली.

व्यवहाराचं म्हणाल तर नवी कॉईल आणि गणपतची मजुरी मिळून हजार-बाराशेत काम झालं. जुनी गाडी असेल तर एक जास्तीची कॉईल डिकीत ठेवा, आणि गाडी मेली की आधी ठिणगी बघा. पळसदरीचं धरण गाठायला आम्हाला पाच मिनिटं लागली. मी तिथे थांबलो नाही. पाणी कुठे होतं तेही पाहिलं नाही.

साडेचारला कडावच्या पुढे यमुनामावशीच्या दारात गाडी उभी केली. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या. संगीता चाळीस-पंचेचाळीसची असेल, अंगणवाडीत काम करते. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आत नेलं.

पुढच्याच खोलीत खाटेवर मावशी होती. मी तिला शेवटचं पाहिलं ते माझ्या लग्नात, जाडजूड, मोठ्याने हसणारी बाई. खाटेवरचं अंग एखाद्या मुलीएवढं होतं. डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुठेच नव्हती. आई खुर्ची ओढून बसली. "यमे," म्हणाली. पुन्हा म्हणाली. मावशीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ आला, तो आईने पदराने पुसला. मग ती तशीच बसून राहिली, हातावर हात ठेवून, दिवे लागेपर्यंत.

संगीता म्हणाली, "ऱ्हावा आज. सकाळी कळंल त्यांना. नक्की कळंल." राहायचं असं ठरलंच नव्हतं, पण आईने लगेच हो म्हटलं. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, आईचं लाडकं. तिने दोन वेळा वाढून घेतलं आणि संगीताला म्हणाली, "यमी यात चिंच जास्त घालायची." मी अंगणातल्या खाटेवर झोपलो.

सकाळी सातला आईची अंघोळ झाली होती. तिने मावशीचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, आणलेलं खोबरेल तिच्या केसांना लावलं, नवा गाऊन संगीताच्या मदतीने घातला. मावशीचे डोळे त्या दिवशी खरंच उघडे होते. ती आईकडे बघत होती, टक लावून.

आई वाकली. तिने आवाज बदलला. मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता, हळू, स्पष्ट, थोडासा वरच्या पट्टीतला, ऑपरेटरचा असावा. "कर्जत एक्स्चेंज. नंबर सांगा."

मावशीचे ओठ हलले. आम्ही तिघंही थांबलो.

"अक्का," मावशी म्हणाली.

संगीता माझ्या बाजूला पुटपुटली, "मोठी भईन त्यांची. जाऊन वीस वर्सं झाली."

"कुसुम आहे गं मी," आई म्हणाली. "कुसुम."

"अक्का." डावा हात वर आला, आईच्या गालाला लागला. "अक्का. आलीस."

आईने तो हात तसाच धरला. मग म्हणाली, "हो, आले. उशीर झाला थोडा."

पुढचे दोन तास आई अक्का होती. मावशीला तेवढे दोनच शब्द येत होते, अक्का आणि आलीस, आणि ती ते पुन्हा पुन्हा म्हणत होती. आई प्रत्येक वेळी "हो" म्हणत होती. दहाच्या पुढे मावशीची मान कलंडली. आईने उशी सरळ केली आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

मी गाडीसाठी नळावर बाटलीत पाणी भरत होतो तेव्हा संगीता बादली घेऊन मागे आली. आई आत पिशवी आवरत होती.

"दादा, एक सांगते. काल साडेसहापास्नंच उठून बसल्या होत्या. मी सांगितलंच होतं ना, कुसुममावशी येनार. केस विंचरून घेतले. दारातनं गाडी जाताना दिसली की मान उचलायच्या. आनि 'कुसुम' बोलल्या. साफ बोलल्या, दादा, सात म्हयन्यांत पैल्यांदा. तीन-चार येळा. दहा वाजून गेले, साडेदहा झाले, मग म्हनायच्या थांबल्या."

माझ्या हातातली बाटली भरून वाहत होती. "आईला सांगितलंत?"

"नाय. मला नाय सांगवनार. तुमी सांगा, नायतर नका सांगू."

निघताना आई म्हणाली, "कालच्या रस्त्याने नको." म्हणून कर्जतहून चौक फाट्याला आलो आणि तिथून जुन्या हायवेने खालापूरकडे वळलो. रस्ता चांगला आहे, रुंद, कंटेनरची रहदारी सोडली तर त्रास नाही. खालापूरला रसवंती दिसली म्हणून विचारलं, आईने मान हलवली. गाडी सुंदर चालत होती. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अशी चढली की एरवी मी त्यावर एक परिच्छेद लिहिला असता. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तळेगाव आलं तेव्हा एकदाच बोलली.

"तिला अक्का हवी होती तर अक्का. कुणीतरी आलं ना."

मी गिअर बदलला.

बारा दिवसांनी संगीताचा फोन आला. यमुनामावशी पहाटे गेली. आम्ही लगेच निघालो, मेधाच्या गाडीने, दोन तासांत पोचलो. आई अग्नी देईपर्यंत थांबली. घरी आल्यावर ती नेहमीसारखी वागू लागली. भाजी निवडायची, पेपर वाचायची, संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसायची. रविवारी सकाळी मात्र फोनजवळच्या खुर्चीत बसायची आणि कुणाला फोन करायची नाही.

मला वाटायचं, सांगून काय होणार. मावशी गेली आहे, आईने आपल्यापुरतं काहीतरी जुळवून घेतलंय, त्यात खिळा कशाला मारायचा. असा विचार करायला सोपं जातं, कारण त्यात आपलीच सोय असते. शेवटी गेल्या सोमवारी दुपारी, ती भुईमुगाच्या शेंगा सोलत असताना, मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. सिग्नलला गाडी आधी बंद पडली होती ते. टेंपोवाल्याला का नाही म्हटलं ते. आणि शनिवारी सकाळी यमुनामावशी तिचं नाव घेत होती ते, किती वेळा, किती वाजेपर्यंत.

आईने ऐकून घेतलं. शेंगांची टरफलं एका बाजूला ढकलली.

"कुसुम म्हणाली?"

"हो."

"स्वच्छ?"

"संगीता म्हणाली, स्वच्छ."

तिने हातातले दाणे वाटीत टाकले. मला वाटलं, रडेल. किंवा म्हणेल, जाऊ दे रे, तू मुद्दाम थोडंच केलंस. मी त्याचीच वाट बघत होतो, हेही लिहून टाकतो.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "आता मला राग येतोय. तो येऊ दे. दोन-तीन दिवस माझ्याशी बोलू नकोस."

सोमवार, मंगळवार, बुधवार. तिने माझं ताट वाढलं, माझे कपडे घडी घातले, मेधाशी, शेजाऱ्यांशी बोलली. माझ्याशी एक अक्षर नाही. मी खोलीत आलो की ती उठून जात नसे, नुसती माझ्या बाजूला बघत नसे. त्या तीन दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं, हे विचित्र वाटेल, पण तसंच आहे. दीड महिना मी एकटाच त्या आंब्याखाली उभा होतो.

गाडी खाली उभी आहे. विकणार का, असं मेधाने विचारलं. माहीत नाही. गाडीचा काय दोष, ती जशी मरायची तशी मेली. तुमच्यापैकी कुणी जुन्या गाडीने निघणार असाल तर जरूर निघा, तो रस्ता सुंदर आहे, पळसदरी सुंदर आहे. फक्त पलीकडे कुणी केस विंचरून बसलेलं नाही, एवढी खात्री करून निघा.

काल, गुरुवारी सकाळी, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आई ओट्याशी पाठमोरी होती.

"दूध उतू जाईल," ती म्हणाली. "गॅस बारीक कर."

मी केला.